फॉरमॅट मारण्याआधी

खरिपाच्या पीकविम्याची मुदत जुलैअखेरीस संपत आली की मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात सेवा केंद्राच्या टेबलावरचा लॅपटॉप सगळ्या गावाच्या कामाचा होऊन बसतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्याच यंत्रातून जातं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला. पण तो हक्क गावात प्रत्यक्ष उतरतो तेव्हा कुठल्यातरी यंत्राचं बटण दाबावं लागतं. ते यंत्र एखाद्या सकाळी सुरूच होत नाही. लाइट लागते, पंखा फिरतो, आणि काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढे पांढरे शब्द उमटून सगळं थांबतं. किंवा निळा पडदा येतो, किंवा कंपनीचं चिन्ह दिसतं आणि त्याखालचं चक्र नुसतं फिरत राहतं. अशा वेळी पहिला सल्ला येतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ हा. या सल्ल्यामागे वाईट हेतू नसतो, आणि फॉरमॅट हा उपाय म्हणून खोटाही नाही. पण तो शेवटचा उपाय आहे, आणि आपण तो पहिला करून टाकला आहे. या उलट्या क्रमामुळे दुरुस्त होण्यासारखी यंत्रं रिकामी होतात आणि परत न मिळणारी कागदपत्रं जातात.

‘लॅपटॉप सुरू होत नाही’ हे एका बिघाडाचं नाव नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बटण दाबल्यापासून पासवर्डची चौकट दिसेपर्यंत अनेक टप्पे एकामागून एक पार पडावे लागतात, आणि यांपैकी कुठल्याही टप्प्यावर गाडी अडू शकते. आधी वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचते. मग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून आपण त्याला बायोस म्हणत आलो. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानातल्या बोलण्यात बायोस हाच शब्द टिकून आहे. हा प्रोग्राम प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले जागेवर आहेत का ते पाहतो, मग हार्ड डिस्क किंवा एसएसडी शोधतो. त्या डिस्कवर एक लहानसा वेगळा विभाग असतो, बहुतेकदा काही शे एमबीचाच. त्यात विंडोजला हाक मारणाऱ्या फाइली असतात. तिथून बूट मॅनेजर चालू होतो, तो विंडोजचा गाभा मेमरीत आणतो, गाभा एकेक ड्रायव्हर उचलतो, आणि मग कुठे आपल्याला आपला नेहमीचा पडदा दिसतो. आपले फोटो, अर्ज, एक्सेलच्या याद्या यांचा या सगळ्या साखळीत कुठेच संबंध येत नाही. ते सगळं दुसऱ्या विभागात निवांत पडून असतं. शेतातली मोटर उठत नसेल तर माणूस आधी लाइन आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग मोटरची वाइंडिंग. विहीर बुजवायला कुणी निघत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण विहिरीवरच हात टाकतो.

साखळी कुठे तुटली हे शोधायला फार मोठं शिक्षण लागत नाही, नीट पाहावं लागतं. बटण दाबून काहीच होत नसेल, एकही दिवा लागत नसेल, तर विंडोजचा प्रश्नच उद्भवत नाही. चार्जर दुसऱ्या प्लगमध्ये लावून पाहावा, मग चार्जर काढून पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावं म्हणजे आतला उरलासुरला विद्युतभार निघून जातो, आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. दिवा लागतो पण पडदा काळाच आहे, असं असेल तर कॅप्स लॉकचं बटण दाबावं. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे आणि बिघाड डिस्प्लेचा असण्याची शक्यता वाढते. पडद्यावर तिरका टॉर्च मारून पुसट चित्र दिसतं का पाहावं, किंवा एचडीएमआय केबलने टीव्ही जोडावा. टीव्हीवर विंडोज व्यवस्थित आलं, तर फॉरमॅटने पडद्याचं काय भलं होणार? बीप वाजत असेल किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ती कंपनीने ठरवलेली खूण असते, ती मोजून लिहून ठेवावी. अशा खुणा पुष्कळदा रॅमकडे बोट दाखवतात. रॅमच्या पट्टीची सोनेरी कड दमट हवेने आणि धुळीने मंदावते. बॅटरीची वायर सोडवून, पट्टी काढून, ती कड हलक्या हाताने खोडरबराने पुसून, कण झटकून पुन्हा ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत खाचेत बसवली की कित्येक लॅपटॉप सुरू होतात. हे काम गावातला कुठलाही कारागीर करू शकतो. रॅमच्या दोषावर फॉरमॅट मारला तर विंडोज टाकताना मध्येच तोच निळा पडदा पुन्हा येतो, आणि तोवर जुनं सगळं गेलेलं असतं.

आता तो ‘नो बूटेबल डिव्हाइस’चा पडदा जरा जवळून पाहू. याचा अर्थ यंत्र शाबूत आहे, रॅम शाबूत आहे, डिस्प्ले तर दिसतोच आहे. फक्त पुढे कुणाला हाक मारायची ते त्याला सापडत नाही. पहिली गोष्ट म्हणजे एखादा पेनड्राइव्ह खोबणीत राहून गेला आहे का ते पाहावं, कारण यंत्र त्याच्यावरच विंडोज शोधत बसलेलं असू शकतं. मग बायोसच्या पडद्यावर जावं. कंपनीनुसार एफ-दोन, एफ-दहा, एस्केप किंवा डिलीट यांपैकी एक बटण त्यासाठी असतं. तिथे डिस्कचं नाव आणि क्षमता दिसते का, हा या ठिकाणचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. नाव दिसत नसेल तर डिस्क सैल झाली आहे किंवा निकामी झाली आहे, आणि जी डिस्क दिसतच नाही तिला फॉरमॅट तरी कसा मारणार? नाव दिसत असेल तर बूटचा क्रम बदलला आहे का ते पाहावं. घड्याळाची तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला असावा, आणि त्यासोबत जुळवून ठेवलेली मांडणीही गेली असावी. यूईएफआयवर चालणारं विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीवर ठेवलं की डिस्क ठणठणीत असूनही सुरू होत नाही. ही अदलाबदल पूर्ववत करायला मिनिटभर लागतं.

हे सगळं ठीक असूनही विंडोज येत नसेल, तर दोष बहुतेक त्या लहान विभागात किंवा विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत असतो. इथे ग्रामीण भागातल्या विजेचा आणि जुन्या बॅटरीचा संबंध येतो. बॅटरी मेलेला लॅपटॉप केवळ चार्जरवर चालतो. म्हणजे लाइन गेली की तो क्षणात बंद पडतो. नेमकं त्याच वेळी विंडोजचं अपडेट चालू असेल तर फाइली अर्धवट लिहिल्या जातात. आता एक तपशील असा की आपल्या फाइली ज्या विभागात असतात तो एनटीएफएस पद्धतीचा असतो. या पद्धतीत डिस्कच्या रचनेत बदल करण्याआधी त्याचं नोंदवहीत टिपण होतं, त्यामुळे अचानक वीज गेली तरी रचना सावरता येते. बूटचा लहान विभाग मात्र एफएटी-बत्तीस या जुन्या पद्धतीचा असतो आणि त्यात अशी नोंदवही नसते. म्हणजे विजेच्या झटक्याने दाराचा भाग बिघडणं आणि आतला माल सुखरूप असणं, हे या रचनेत सहज घडू शकतं. असा लहान विभाग नव्याने लिहून देण्याची सोय विंडोजमध्येच आहे. विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होऊ शकलं नाही की ते आपणहून दुरुस्तीचा निळसर पडदा दाखवतं. त्यात ‘ट्रबलशूट’मधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेलं की ‘स्टार्टअप रिपेअर’, नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकणं, आधीच्या तारखेच्या स्थितीला परत जाणं आणि ‘सेफ मोड’ असे पर्याय मिळतात. यांपैकी एकही पर्याय आपल्या कागदपत्रांना हात लावत नाही.

हे फक्त पुस्तकी नाही, याचा अलीकडचा सगळ्यात मोठा पुरावा १९ जुलै २०२४ या शुक्रवारचा आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक लहान फाइल जगभर पाठवली. सॉफ्टवेअर वीस रकाने वाचायला बांधलेलं होतं आणि आलेली माहिती एकवीस रकान्यांची अपेक्षा धरत होती. नसलेला एकविसावा रकाना वाचायला जाताना विंडोजचा गाभाच कोसळला, आणि ते सॉफ्टवेअर यंत्र सुरू होतानाच जागं होत असल्यामुळे यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू होत आणि निळ्या पडद्यावर पडत राहिली. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यातून उघडायचं, तेवढी एक फाइल पुसायची, आणि पुन्हा सुरू करायचं. डिस्का शाबूत होत्या, माहिती शाबूत होती. त्या दिवशी सगळ्यांनी सरसकट फॉरमॅट मारला असता तर एका फाइलीच्या दोषापायी ८५ लाख यंत्रांवरचं काम पुसलं गेलं असतं. जानेफळच्या सेवा केंद्रात हे महागडं सॉफ्टवेअर नसेल, पण सुरू होताना उचलला जाणारा एखादा बिघडलेला ड्रायव्हर सगळं यंत्र अडवू शकतो, ही गोष्ट तिथल्या लॅपटॉपलाही तशीच लागू आहे. तिथे तो ड्रायव्हर प्रिंटरचा असेल, नाहीतर अंगठा घेणाऱ्या यंत्राचा.

म्हणून दुरुस्तीच्याही आधी एक पायरी हवी: आहे ती माहिती बाहेर काढून घेणं. दुरुस्तीच्या पडद्यात ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून तिथे नोटपॅडचं नाव टाकलं की साधं नोटपॅड उघडतं. त्यातल्या ‘फाइल, ओपन’वर जाऊन ‘ऑल फाइल्स’ निवडलं की सगळी डिस्क फोल्डरांसह समोर येते. इथे डिस्कची अक्षरं नेहमीपेक्षा वेगळी असू शकतात, म्हणून फोल्डर उघडून खात्री करावी. मग हव्या त्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तो जोडलेल्या पेनड्राइव्हवर पाठवता येतो. विंडोज सुरू न होताही आपला ‘डॉक्युमेंट्स’चा फोल्डर असा डोळ्यांसमोर दिसणं, हाच ‘सगळं गेलं’ या समजुतीला सगळ्यात सोपा जबाब आहे. दुसरा मार्ग म्हणजे उबंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवणं. ती डिस्कवर काही न लिहिता फाइली वाचून देते. डिस्क ‘टिक-टिक’ असा आवाज करत असेल तर मात्र तिला आणखी राबवू नये. अशा डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवणं म्हणजे दुखऱ्या जागी जोर देणं, कारण ती तपासणी सगळी डिस्क पिंजून काढते. आधी जे निघेल ते काढून घ्यावं, मग तपासणी करावी.

फॉरमॅटनंतर नेमकं काय उरतं, हेही ठाऊक असायला हवं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट मारला तर मुख्यतः यादी पुसली जाते, मजकूर बराच काळ जागेवर राहतो आणि खास सॉफ्टवेअरने पुष्कळसा परत मिळू शकतो. ‘फॉरमॅट मारला तरी डेटा निघतो’ हा समज त्या काळातला आहे. एसएसडीमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे विंडोज डिस्कला कळवतं की अमुक जागा आता मोकळी झाली, आणि डिस्क आपणहून ती जागा साफ करून टाकते. त्यानंतर फाइली परत मिळण्याची आशा जवळपास संपते. त्यात नव्या लॅपटॉपांवर माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने मांडणी केली की हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठवलेली असते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये मोठा बदल झाला की यंत्र ती की मागतं. लॅपटॉप घेताना दुकानातच कुणीतरी घाईघाईत खातं उघडून दिलेलं असेल आणि त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल, तर फाइली डिस्कवर असूनही हाती लागत नाहीत. या अडचणीवर दुकानदाराकडे उपाय नसतो. तो मालकाने आधीच करून ठेवायचा असतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे, आणि तो खरा आहे. बाहेर रांग लागलेली, मुदत संपत आलेली, आणि कारागीर म्हणतो की तासाभरात नवं विंडोज टाकून देतो. पण फॉरमॅटचा हिशेब त्या एका तासावर संपत नाही. प्रिंटर, स्कॅनर, अंगठा घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतात. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड आणि संकेतस्थळांसाठी करून ठेवलेल्या जुळण्या पुन्हा कराव्या लागतात. याउलट पेनड्राइव्ह काढून पाहणं, डिस्क दिसते का ते बायोसमध्ये बघणं आणि स्टार्टअप रिपेअर एकदा चालवणं, यांना मिळून फारसा वेळ लागत नाही. आणि दोष रॅमचा किंवा डिस्कचा असेल तर फॉरमॅटचा तास वाया जाऊन लॅपटॉप पुन्हा त्याच टेबलावर येतो. घाईच असेल तर त्या दिवसाचं काम दुसऱ्या यंत्रावर चालवावं. पुसण्याची घाई कशाला?

दुसरा आक्षेप असा की सामान्य माणसाने यात हात घालू नये, त्याने आणखी बिघडतं. यात पाहणं आणि बदलणं यांची गल्लत होते. पडद्यावरचा मजकूर मोबाइलने टिपून ठेवणं, दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजणं, बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते वाचणं, शेवटचं काय केलं होतं ते आठवणं, यांनी काहीही बिघडत नाही. उलट तपासणाऱ्याचं निम्मं काम होतं. डॉक्टरकडे जाताना ताप केव्हापासून हे आपण सांगतोच की. जानेफळहून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. अशा ठिकाणी निरीक्षणाची किंमत आणखी वाढते, कारण चुकीच्या निदानाची एक फेरी म्हणजे एक अख्खा दिवस. जे बदलायचं, म्हणजे कमांड चालवायच्या, यंत्र खोलायचं, ते जाणत्यावर सोपवावं.

तिसरा आक्षेप: आता सगळं ऑनलाइनच असतं, गमावण्यासारखं काय उरलं? अर्ज संकेतस्थळावर असतो हे खरं. पण अर्जासाठी गोळा केलेली स्कॅन, डाउनलोड केलेल्या पावत्या, ग्राहकांच्या याद्या, विद्यार्थ्याचा प्रकल्प, बचत गटाचा हिशेब हे सगळं बहुधा ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’ या दोन फोल्डरांतच साचतं. त्याची दुसरी प्रत आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि फॉरमॅटनंतर विचारून उपयोग नसतो.

फॉरमॅट कधीच करू नये, असं माझं म्हणणं नाही. व्हायरसने यंत्र पोखरलं असेल, दुरुस्तीचे सगळे पर्याय संपले असतील, डिस्क बदलून नवी घातली असेल, किंवा लॅपटॉप दुसऱ्याच्या हवाली करायचा असेल, तर कोरी पाटी करणंच योग्य. पण तेव्हाही कोणतं विंडोज टाकलं जातं ते पाहावं. विंडोजसह विकत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांत त्याचा परवाना मदरबोर्डमध्ये नोंदलेला असतो आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर ती आपोआप मंजूर होते. असं असताना अँटिव्हायरस बंद करून, ‘ॲक्टिव्हेटर’ चालवून चोरीची प्रत घालणं म्हणजे ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती येतात त्याचं दार उघडं ठेवणं आहे.

यातून करण्यासारखं जे निघतं ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक लॅपटॉपमालकाने आपली ४८ अंकी की कागदावर लिहून लॅपटॉपपासून वेगळी ठेवावी, महत्त्वाच्या फोल्डरांची दुसरी प्रत आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि मेलेली बॅटरी बदलून घ्यावी किंवा यंत्र इन्व्हर्टरवर चालवावं. कारागिराने काम हाती घेताना दोन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: दोष कुठल्या टप्प्यावर सापडला, आणि डेटा काढला की नाही. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीपासून राज्यात लाखो लोकांनी संगणक चालवायला शिकून घेतला. अशा वर्गांमध्ये संगणक सुरू न झाल्यास काय पाहायचं, यालाही एक तास द्यावा. गावाचे दाखले आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या ज्या यंत्रांवर अवलंबून आहेत, त्यांच्या बाबतीत ‘काय बिघडलं’ हे विचारल्याशिवाय पुसायला परवानगी देऊ नये, आणि ही परवानगी नाकारण्याचा अधिकार सर्वस्वी मालकाचा आहे.